दहा सेकंदांची नाडी

"अठरा," मास्तरांच्या मानेवरची दोन बोटं काढून घेत पोहायला शिकवणारी बाई म्हणाली.

मास्तर तलावाच्या कठड्याला लोंबकळून धापा टाकत होते. जीव अगदी कंठाशी आला होता, पण तोंडातला पाढा काही सुटला नव्हता. "अठरा सक एकशे आठ? छे! पुन्हा मोजा. मैदानाला एक फेरी मारली तरी माझे सव्वाशेच्या वर जायचे. इथे तर मरायला टेकलोय!"

"दोनदा मोजले, काका. पाण्यात ठोके कमीच पडतात. अंग आडवं असतं, भोवतीचं पाणी रक्त हृदयाकडे ढकलतं, वर गारवा. पळण्यापेक्षा दहा-पंधरा कमी धरा. दमणूक मात्र खरी हं. आकडा बघून अजून दम आहे असं समजाल, तर बुडाल."

बाई हसत पुढच्या माणसाकडे वळली. मास्तर तिथेच राहिले, हनुवटीपर्यंत पाण्यात.

चौतीस वर्षं त्यांनी शाळेत व्यायाम शिकवला. पोरं त्यांना शिट्टी मास्तर म्हणायची. स्वतः धावणारे, पोहण्याच्या नावानं शून्य. पण काठावरून शिट्टी फुंकायला पोहता कशाला यायला हवं? कामचुकार ओळखायची त्यांची रीत ठरलेली : मानेवर दोन बोटं, दहा सेकंद, गुणिले सहा. धावणारी पोरं एकशे पासष्टला टेकायची. एका सकाळी चौदा वर्षांची एक मुलगी पाण्यातून वर आली. ओठ निळे, पाय लटपटत होते. पंचवीस सक दीडशे.

"ही आराम करून आली!" मास्तरांनी पोहण्याच्या सगळ्या संघासमोर जाहीर केलं. "माझी मुलगी म्हणून सूट नाही. नाव काढा हिचं."

"बाबा, खरंच दमलेय हो मी," एवढंच ती म्हणाली. पोरं फिदीफिदी हसली. आपण पोटच्या पोरीलाही सोडलं नाही, याचा मास्तरांना त्या दिवशी केवढा अभिमान! घरी जेवताना त्यांनी तो दोनदा वाढला. मुलगी पुन्हा कधी पाण्यात उतरली नाही.

आता मास्तरांचा गुडघा गेला, डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, आणि दर मंगळवारी त्यांना इथे आणते तीच. टॉवेल मांडीवर घेऊन बाकावर बसते, ओल्या फरशीवरून पाय वर उचलून.

"किती आले?" मास्तर पाण्याबाहेर आले तसं त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकत तिनं विचारलं.

"एकशे आठ."

"अरे वा! आराम करून आलात म्हणजे."

हसतच म्हणाली ती. पण मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तर हिच्या लक्षात आहे. इतकी वर्षं.

"ती बाई सांगत होती..." त्यांना टॉवेलचं टोक सापडेना. "पाण्यात कमीच पडतात म्हणे. मला ठाऊक नव्हतं गं. तुला होतं?"

"ठोक्यांचं? नाही बाई." ती खाली बसली. गुडघा वाकत नाही, म्हणून त्यांचे बूट तीच चढवते. "मी दमले होते, तेवढं ठाऊक होतं."

"मी त्या दिवशी..."

"डावा पाय, बाबा."

तिचे केस आता बरेच पिकले होते. बुटाचे बंद बांधताना वाकलेल्या मानेवर एक शीर टपटप उडत होती. मास्तरांची दोन बोटं सवयीनं पुढे झाली. मग त्यांनी ती मुठीत मिटून घेतली आणि गुपचूप डावा पाय पुढे केला.