टाकीच्या अलीकडे

रविवारी सकाळी पावणेसहाला त्याने ताईच्या स्वयंपाकघरातला दिवा लावला, चहाचं आधण ठेवलं, टेबल कोरड्या फडक्याने दोनदा पुसलं आणि त्यावर कॅमेरा उघडून ठेवला. फिल्म काळ्या कागदात गुंडाळलेली होती. कागदाचं टोक त्याने रिकाम्या रिळाच्या फटीत सरकवलं, अंगठ्याने हलकेच ताणलं, कागदावरचा बाण कडेच्या लाल ठिपक्यासमोर आणला आणि मागचं झाकण लावून दांडा फिरवू लागला. आत कुठेतरी टक् झालं. बारीकशा खिडकीत एकचा आकडा आला. तोवर आधण आटून निम्मं झालं होतं. त्याने ते ओतून दिलं आणि नवं ठेवलं.

"चहा करतोयस की ऑपरेशन?" गुडघ्याचा पट्टा आवळत ताईने खुर्चीतून विचारलं.

"दोन्ही. साखर कुठंय?"

"जिथं एकतीस वर्षं आहे तिथं."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नाही, चौपन्न पायऱ्या. ग्रंथालयातली नोकरी संपली, नवरा गेला, मुलगी दुसऱ्या शहरात स्थिरावली, तरी ताई या पायऱ्या चढत-उतरत राहिली होती. गेल्या हिवाळ्यापासून मात्र दर मजल्यावर तिला कठड्याला धरून थांबावं लागे. हे मुलीच्या कानावर गेलं आणि ‘घर काढून टाक, माझ्याकडे ये’ हे पालुपद सुरू झालं. शेवटी ताईने फोनवरच पैज लावली. गावाबाहेरच्या टेकडीवर पाण्याची जुनी टाकी आहे. तिथवर स्वतःच्या पायांनी गेले, तर घराचा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं, तर महिन्याभरात सामान बांधते.

"आणि पुरावा?" मुलीने विचारलं होतं.

"तुझा मामा येईल. फोटो काढेल."

"मोबाइलवर काय वाट्टेल ते जोडता येतं, आई."

"म्हणून तर तो त्याचं जुनं धूड आणणार आहे. निगेटिव्ह दाखवीन तुला."

धूड म्हणजे हा कॅमेरा, वयाने त्याच्याहून मोठा. मामा स्वतः रुग्णालयात बावीस वर्षं एक्स-रे काढत होता. ‘श्वास रोखा’ हे दोन शब्द दिवसातून शंभरदा म्हणत असल्यामुळे सहकारी त्याला श्वासरोखे म्हणत. एक्स-रे संगणकावर दिसू लागले, तशी फिल्म धुण्याची अंधारखोली बंद झाली. ती सांभाळणाऱ्या काकांनी निवृत्त होताना हा कॅमेरा त्याच्या हातात ठेवला. "एका रिळात बाराच निघतात," ते म्हणाले, "तेव्हा आधी बघायला शीक."

ताईच्या गुडघ्याचा एक्स-रेही दोन महिन्यांपूर्वी त्यानेच काढला होता. आतल्या बाजूला दोन हाडांमधली फट जवळजवळ बुजली होती. सांगायचं काम डॉक्टरांचं, म्हणून तो गप्प बसला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, "माझ्या भावाच्या तोंडावर मी त्याच दिवशी वाचलं होतं."

सव्वासातला ते टेकडीच्या पायथ्याशी होते. ऊन कोवळं होतं. वाट सोपी होती आणि ताई काठी टेकत पण नेटाने चालत होती. त्याला मात्र पावलोपावली काहीतरी दिसत होतं. मुंग्यांचं वारूळ, गंजून झाडात रुतलेली तार, ताईच्या काठीचं घासून तिरपं झालेलं टोक. कॅमेरा पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडून मान खाली घालायची आणि दुधी काचेवर उमटलेलं जग बघायचं. जे रोज डोळ्यांवरून नुसतं वाहून जाई, ते तिथे चौकटीत येऊन बसायचं.

"बघू मला," म्हणत ताईने मान घातली. "अगं बाई! केवढं स्वच्छ! पण हे उलटं का पळतंय? मी इकडे वळले की ते तिकडे."

"आत आरसा आहे. डावं उजवीकडे दिसतं. सवय होते."

"तुला होईल. मला तर गरगरायला लागलं."

त्याला सवय करावी लागलीच नव्हती. पडद्यावर माणसाचं काळीज उजव्या हाताला बघतच त्याची बावीस वर्षं गेली होती. दुसऱ्या कुणाला जे पहिल्या क्षणी खटकलं असतं, ते त्याला खटकत नव्हतं, आणि घोळ नेमका तिथेच झाला.

अर्ध्या वाटेवर एक सपाट कातळ लागला. तिथून टेकडीचा वरचा भाग पूर्ण दिसे. ताई पाणी पीत बसली आणि त्याने पुढची वाट काचेत न्याहाळली, वरचं छोटं भिंग लावून, चांगली पाच मिनिटं. दुभंगलेला एक खडक, तिथे फुटलेल्या दोन वाटा, त्यांतली एक वळत वळत टाकीकडे गेलेली. सगळं त्याने मनात पक्कं केलं. फोटोही काढला, तो अकरावा. बारावा वरच्यासाठी राखला.

"फुटका खडक आला की उजवीकडे," तो म्हणाला.

खडक आला. ते उजवीकडे वळले.

तासाभराने वाट अरुंद झाली, मग दगडगोट्यांची झाली, आणि एका जुन्या खाणीच्या कडेवर येऊन संपली. पलीकडे खोल घळ होती. घळीच्या पलीकडे, उन्हात पांढरी झगझगीत, टाकी.

तो टाकीकडे बघत राहिला. मग कॅमेऱ्याकडे. मग त्याने कपाळावर हात मारला.

"काय झालं?"

"ताई, मी वाट काचेत बघितली."

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती इतकी हसली की तिला काठीवर रेलावं लागलं. "अरे गाढवा! म्हणजे लोकांचे भलतेच पाय कापवतोस की काय तिकडे?"

"तिथं एक्स-रेवर डावं-उजवं लिहिलेलं असतं."

"मग टेकडीवर पण लिहून ठेवायला हवं होतं तुझ्यासाठी."

हसू ओसरल्यावर ती एका दगडावर बसली आणि तिने पट्टा सैल केला. गुडघा सुजून आला होता. खडकापर्यंत मागे जाऊन पुन्हा चढायचं म्हणजे आणखी दोन तास. तिने ते मनातल्या मनात मोजलेलं त्याला दिसलं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "पोरीला मी सांगतो. पुढच्या रविवारी परत येऊ."

"पुढच्या रविवारी हा गुडघा मला दारापर्यंत तरी नेईल का, ते बघ आधी." तिने कडेपलीकडचं आभाळ बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "इथंच काढ की. मागे नुसतं आभाळ येईल. चाललेय तर मी टाकीपेक्षा जास्तच. कोण विचारतंय?"

त्याने झाकण उघडलं आणि मान खाली घातली. ती म्हणाली ते खरं होतं. पोटाच्या उंचीवरून काचेत ताई आभाळाला टेकलेली दिसत होती, जणू तिच्या वर चढायला आता काहीच उरलं नव्हतं. कोणीही माथा म्हणूनच ओळखलं असतं. आणि ती चाललीही होती. हे खोटंही नव्हतं फारसं.

पण काचेत त्याला आणखी काही दिसलं. हसायला तयार केलेला चेहरा, आणि त्याखाली गुडघ्यावर घट्ट दाबलेले दोन्ही हात. हा फोटो मुलीला दाखवल्यावर दर फोनवर, चौपन्नातल्या दर पायरीवर ताईला ते खोटं सांभाळत बसावं लागलं असतं. पडली तरी सांगता आलं नसतं.

त्याने शटर दाबलं नाही. मान वर न करता तो दोन पावलं बाजूला सरकला, मग आणखी एक. घळीपलीकडची टाकी चौकटीच्या कडेने आत आली आणि ताईच्या खांद्यामागे, तिच्याहून उंच, उभी राहिली.

ताईने त्याला सरकताना पाहिलं. मागे वळून टाकी बघितली.

"येतेय का रे ती?"

"येतेय. अख्खी."

खाणीत एक दगड घरंगळत गेला, त्याचा आवाज थांबेपर्यंत ती ऐकत राहिली.

"येऊ दे," ती म्हणाली. "पैज हरले तर हरले. घरासाठी भांडायचंच आहे, तर खरं सांगून भांडेन. आणि ते डॉक्टर म्हणतात ते ऑपरेशन, त्याचंही विचारून ये उद्या."

"उद्या विचारतो."

तिने गुडघ्यावरचे हात उचलले, चेहऱ्यावर आलेले केस मागे सारले आणि कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्याकडे बघितलं. त्याने शटर दाबलं. मग दांडा फिरवत राहिला. कागदाचं शेवटचं टोक सुटल्याचं हाताला कळलं, तेव्हा त्याने उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत झाकण उघडलं, रीळ काढलं, डिंकाची पट्टी जिभेने ओली करून घट्ट चिकटवली आणि रीळ शर्टाच्या खिशात ठेवलं.

"चल," ताई म्हणाली आणि उठताना तिने त्याचा खांदा धरला.