शून्याच्या खालची नदी

पहिली थप्पड बसली तेव्हा आठ वाजायला दोन मिनिटं कमी होती, म्हणून धर्मपाल मनवरने दुसरीला जरा थांबायला सांगितलं.

"आठचं रीडिंग घिऊ दे," तो म्हणाला, "मंग मार."

अंकुर पाटील खरोखरच थांबला. चांगल्या घरचा, शिकलेला माणूस. सरकारी कामात अडथळा आणला असं उद्या कोणी म्हणायला नको. धर्मपालने नदीच्या काठाशी उभ्या केलेल्या आकड्यांच्या लोखंडी पट्टीकडे पाहिलं, वहीत आकडा लिहिला, चष्मा काढून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि मग तो मार खायला मोकळा झाला. अंकुरसोबत तिघं होते. चौघांनी मिळून त्याला वाळूत लोळवला. यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, विजेला वेळ नव्हती आणि चौकशीला येणाऱ्या समित्यांच्या जीपगाड्यांना तोटा नव्हता. हाताला काम नसलं की हात असे कुठेतरी लागतातच.

दारव्ह्याच्या अलीकडे पांगरी नावाची एक नदी आहे. नकाशावर ती कधी असते, कधी नसते. धर्मपाल तिच्या काठावर एकोणीस वर्षं रोजंदारीने पाण्याची उंची वाचत होता. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. लग्नाच्या दिवशी त्याने बाराचं रीडिंग घेऊन मग नलूला हार घातला होता, आणि नलू ते अजून विसरलेली नव्हती.

आता नदीवरच्या बंधाऱ्याला दारं बसणार होती. उन्हाळ्यात दारं बंद केली तरी खाली किती पाणी सोडायचं, म्हणजे नदीला नदी म्हणून जगायला किती लागतं, ते ठरवायला त्या दिवशी अकरा वाजता अमरावतीहून सुरभी मॅडम येणार होत्या. शेजारच्या नद्यांची माहिती त्यांनी मागवली होती. एका ठिकाणच्या वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने सात वर्षं एकच वर्ष उतरवून काढलं होतं. अक्षर मात्र सुरेख होतं. खरं काही होतं ते पांगरीचंच, आणि कचेरीतल्या कॉम्प्युटरमधली पांगरी दर उन्हाळ्यात त्रेचाळीस दिवस शून्य होती.

ते शून्य धर्मपालनेच लिहिलेलं होतं. पट्टी बसवणाऱ्याने ती एका उंच खडकावर बसवली. मे महिन्यात पाणी खडकाच्या खाली जायचं आणि पलीकडच्या काठाने, दोन फूट रुंदीच्या घळीतून, गुपचूप वाहत राहायचं. पट्टीवर शून्याखाली आकडे नव्हते. साहेबांनी सांगितलं होतं की पट्टीवर दिसेल तेच लिही. धर्मपाल तेच लिहायचा. पण मनाला पटेना म्हणून शेऱ्याच्या रकान्यात घालायचा, 'घळीतून पाणी चालू आहे. चार बोटं खोल.' कॉम्प्युटरवाल्याने आकडे घेतले. शेरा घेतला नाही. शेऱ्याला कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती.

त्या चार बोटं पाण्यावर खालचा अख्खा तांडा जगत होता. तांड्यातल्या बाया वाळूत झिरे खणून हंडे भरायच्या, आणि घळ आटली की दुसऱ्या दिवशी झिरे आटायचे. नदी मुळातच शून्य असेल तर खाली काही सोडायची गरज उरत नव्हती. सगळं पाणी पाटलांसारख्या वरच्या शेतकऱ्यांनी नदीत लावलेल्या अकरा मोटरींचं. शेऱ्यांच्या मूळ वह्या मात्र धर्मपालच्या घरी, ट्रंकेत होत्या.

एवढ्यात अंकुरचे वडील आले. रामराव पाटील. त्यांनी मुलाला बाजूला सारलं, धर्मपालला उठवून बसवलं, त्याच्या पाठीवरची वाळूही झटकली. मग वाकून हात जोडले. आजवर या माणसाने मनवरांच्या घरातल्या कोणापुढे हात जोडले नव्हते, त्यामुळे धर्मपालला थपडांपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. रामराव सांगत होते की बारा एकरात ओलिताची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, टोबली आहे, कोंब दोन पानांवर आहेत, आठ दिवसांत पाणी नाही मिळालं तर सगळं जळून जाईल. ते खोटं नव्हतं. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते.

"तुह्या त्या वह्या मले दे, धर्मपाल. नदीले काय समजते? माणसाले समजते."

"पाटील, तांड्यातबी माणसंच हायेत ना."

रामरावांनी तोंड फिरवलं. मोठी माणसं मारत नाहीत, तोंड फिरवतात. मग बाकीच्यांनी धर्मपालचा उजवा हात खडकावर धरला आणि अंकुरने मोटरीचा पाईपपाना त्यावर दोनदा घातला. दुसऱ्या वेळी गरज नव्हती.

तिथून ते त्याच्या घरी गेले. नलू दारात मुसळ घेऊन उभी राहिली आणि एकाचा खांदा तिने निकामी केला. पण तिघं उरले होते. ट्रंक अंगणात आली. एकोणीस पावसाळे आणि एकोणीस उन्हाळे तुराट्यांवर ठेवून पेटवले. सरकारी कागद जाड असतो. जळायला वेळ लागला. धर्मपाल हात पोटाशी धरून पोचला तेव्हा चौऱ्याण्णव सालचा पूर जळत होता.

दहा वाजता विजेची लाइन आली आणि अकराही मोटरी सुरू झाल्या. घळीतलं पाणी तळाला गेलं. अकराला सुरभी मॅडम आल्या तेव्हा नदीत ओली वाळू आणि तडफडणारे मासे होते. मॅडम तरुण होत्या, प्रामाणिक होत्या, आणि प्रामाणिक माणसाची अडचण अशी की त्याला कागद लागतो. त्यांनी नलूसोबत काठावर परतलेल्या धर्मपालच्या हाताकडे पाहिलं, आधी दवाखान्यात चला म्हणाल्या. तो म्हणाला, आधी पाणी मोजा. कोणतं पाणी, असं त्यांनी विचारलं, आणि अंकुर हसला.

त्या हसण्याचं उत्तर नदीतूनच वर चढत आलं. घळ आटलेली पाहून निघालेल्या खालच्या तांड्यातल्या चाळीसेक बाया, पुढे धुरपताबाई, पासष्ट वर्षांची, हातात बाभळी तोडायची कुऱ्हाड. तिने ना मॅडमकडे पाहिलं ना पाटलांकडे. सरळ पहिल्या मोटरीचा पाईप तोडला. मग दुसरा. चौथ्या पाईपाशी काठ्या पडायला लागल्या. एका बाईचं डोकं फुटलं, एका माणसाचे दात वाळूत सांडले, अंकुर धुरपताबाईच्या अंगावर धावला आणि कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या गुडघ्यावर असा बसला की तो पुढे कायमचा लंगडला. जीपचा ड्रायव्हर जीपखाली शिरला. अकरावा पाईप तुटला तेव्हा रामराव बांधावर बसून होते.

मोटरी एकेक करून खोकल्या आणि गप्प झाल्या.

अर्ध्या तासाने घळीत पाणी आलं. आधी ओल, मग पातळ पट्टा, मग चार बोटं. ते तसंच टिकलं. धर्मपालने नलूला हाताशी घेऊन काठावर वीस मीटरची दोरी ताणली आणि पऱ्हाटीची एक वाळकी काडी वरच्या टोकाला सोडायला लावली. काडी खालच्या टोकाला पोचायला ऐंशी सेकंद लागले. मॅडमनी स्वतः घड्याळ धरलं. तीनदा केलं, तीनदा जवळपास तेवढेच. रुंदी दोन फूट, खोली चार बोटं. वरचं पाणी तळच्यापेक्षा जास्त पळतं म्हणून थोडं कापलं. हिशेब आला सेकंदाला सुमारे दहा लिटर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, कॉम्प्युटरप्रमाणे जी नदी नाहीच, तिच्यात.

मॅडमनी जीपच्या बॉनेटवर कागद पसरला, आकडा लिहिला, आणि तेवढं तरी पाणी दारांखालून सोडावं लागेल असं पुढे लिहिलं. त्या म्हणाल्या की एका दिवसाच्या मोजणीवर वरचे लोक शंभर प्रश्न विचारतील, पण कोरा कागद घेऊन जाण्यापेक्षा हे बरं. खाली सही केली. मग मोजणाऱ्याची सही लागते म्हणाल्या, आणि धर्मपालचा हात पाहून थांबल्या. हाताची बोटं वांग्यासारखी झाली होती. त्यांनी पिशवीतून शाईचा पॅड काढला. अंगठाही चालतो, नियमात आहे.

धर्मपालने पॅडचं झाकण लावलं आणि तो परत दिला.

पेन त्याने डाव्या हातात घेतला. 'ध' लिहायलाच बराच वेळ गेला. 'र्म'चा रफार दुसऱ्यांदा काढावा लागला. डोकं फुटलेली बाई पदर दाबून उभी होती, अंकुरला उचलून नेणारे थांबले होते, ड्रायव्हर जीपखालून बाहेर आला होता. कागदावर एक थेंब रक्त पडलं. नलूने ते पदराने टिपलं.

"झालं काय रे बापू?" धुरपताबाईने विचारलं. तिला जखमी बाईला घेऊन जायचं होतं.

"थांब माय," धर्मपाल म्हणाला, "बापाचं नाव राह्यलं अजून."

आणि तो 'उ' काढायला लागला.