जांघ न पाहिलेले एकोणीस भेक

संग्रहालयात स्पिरिटच्या बाटल्यांतून प्राणी जपायच्या खोलीत हाकालिमा एकतीस वर्षं चिठ्ठ्या लिहीत बसले होते. तिथल्या भेकांच्या दोन जाती अगदी सारख्या. तशाच चामखिळी, डोक्यावर तेच डाग. फरक एवढाच, की एकीच्या जांघेला आतून लाल रंग असतो, दुसरीच्या नसतो. स्पिरिटमध्ये तो लाल रंग उडून जातो, आणि मग बाटलीवरची चिठ्ठी म्हणेल ते खरं.

काफुए नदीकाठच्या एकोणीस भेकांच्या चिठ्ठीवर हाकालिमांनीच लिहिलं होतं : लाल नाही.

त्या दोन शब्दांच्या भरवशावर डॉक्टर चोलवे उद्या दोन वर्षांसाठी काफुएकाठी मुक्कामाला निघणार होत्या. बिनलाल भेक आपला मुलूख सोडून तिथे पोचला कसा, हा त्यांचा विषय.

"डॉक्टरबाई, ते भेक मी पाहिलेच नाहीत," हाकालिमा म्हणाले. "पहिला उलटा केला, चिखलाने माखलेला होता. बाकीचे तसेच भरले. ट्रक निघाला होता."

"तुमच्या कुळाला दिसतं तरी कुठे, ताता?" चोलवे पेटी बांधत म्हणाल्या. "तुमचे आजोबा गाय समजून वारूळ दावणीला बांधत होते."

दोघांची कुळं एकमेकांशी चेष्टेच्या नात्याची. समोरच्याने शिवी दिली की हसायचं आणि दुप्पट परत करायची, अशी रीत. एकतीस वर्षांनी खरं बोलायची वेळ आली आणि नेमकी गाठ पडली ती सगळं थट्टेवारी नेणाऱ्या कुळाशी.

"खरंच सांगतोय. धुवायचा कंटाळा केला."

"कंटाळा तर तुमच्याकडे वंशपरंपरेने चालत आलाय. घोटभर चिब्वांतू प्या, डोकं थंड होईल."

हाकालिमांना उत्तर सुचलं होतं. चोलवेंच्या मामांवरचं होतं आणि चांगलं जमलं होतं. ते त्यांनी गिळलं. टोपी काढून ते खाली उकिडवे बसले आणि मोठ्यांपुढे वाजवतात तशी ओंजळीची हलकी टाळी वाजवली.

चेष्टेच्या कुळातली माणसं मयतातही थट्टा सोडत नाहीत. चोलवेंचा हात दोरीवर थांबला.

"एकही नाही पाहिलात?"

"एकही नाही. लाल जांघेचेच असतील, सगळीकडे असतात तसले."

"आणि हे आज सांगताय?"

"आजवर त्या चिठ्ठीवर कुणी दोन वर्षं लावली नव्हती."

चोलवेंनी एकोणीस भेकांची बाटली समोर ओढली. मग त्यांनी कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल पुढे केली. हाकालिमांनी बसल्या बसल्याच लिहिलं : जांघ पाहिली नाही. खाली सही केली. गुडघे उठू देईनात, तेव्हा चोलवेंनी हात दिला.

म्हाताऱ्या गुडघ्यांवर थट्टेने बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनीही ते गिळलं.