सेराफिनाची मतं

माझी आतेबहीण पुरिंग हिला सगळा देश लिओनोरा व्हेर्गेल म्हणून ओळखायचा, आणि जवळजवळ सगळ्या देशाला तिचा राग यायचा. तीस वर्षं ती सिनेमात सावत्र आई झाली, सासू झाली, शाळेतली दुष्ट मुख्याध्यापिका झाली. मी तिचे कपडे सांभाळायचे, जेवणाचं बघायचे, घरात आम्ही दोघीच. म्हणून सांगते, तिच्याइतकी भित्री बाई मी पाहिली नाही.

सतरा वर्षांची असताना ती मनिलाला गेली, नायिका व्हायला. पहिल्याच दिग्दर्शकानं तिला रडायला सांगितलं. ती मनापासून रडली, तरी तिच्या उंच भुवया आणि टोकदार हनुवटीमुळे चेहरा रडवेला न दिसता रागीट दिसला. त्यानं तिथल्या तिथे ठरवलं, ही खलनायिका. तिला विचारलं कुणी नाही, आणि तीही काही बोलली नाही. नाव त्यांनीच बदललं, केस त्यांनीच कापले. नायिकेच्या थोबाडीत मारायचा प्रसंग झाला की ही कोपऱ्यात जाऊन त्या मुलीच्या गालाला बर्फ लावत बसायची आणि पुन्हा पुन्हा विचारायची, फार लागलं का गं.

मग टीव्हीवर ती दोन्या सेराफिना, म्हणजे सेराफिना बाईसाहेब, झाली. अनाथ सुनेला उपाशी ठेवणारी, तिचं बाळ पळवणारी श्रीमंत बाई. ती मालिका इतकी वर्षं चालली की लोक पुरिंगचं खरं नाव तर सोडाच, लिओनोरा हे नावही विसरले. चर्चमध्ये बायका आपली पोरं तिच्यापासून लांब सरकवायच्या. आमच्या गावात, सान तेल्मोत, सुटीवर आली तर नदीकाठच्या मासळीबाजारात इसिंग नावाची म्हातारी, सगळ्यांची मानांग म्हणजे थोरली ताई, तिला हमखास टोमणा मारायची, "सुनेला काय जेवू घातलंस आज?" आणि वर सगळ्यात ताजा बांगुस मासा तिच्याच पिशवीत टाकायची.

पन्नाशी उलटली तशी कामं कमी झाली. नव्या खलनायिका तरुण होत्या, आखूड कपडे घालायच्या. नेमक्या त्याच वर्षी तिचा थोरला भाऊ तेओदुलो, ज्याला आम्ही मानोंग म्हणजे दादा म्हणायचो, मनिलाच्या घरी आला. तो सान तेल्मोचा नगराध्यक्ष होता. ओळीनं तीनदा निवडून आला होता, कायद्यानं चौथ्यांदा उभं राहता येत नव्हतं. बायको तयार नव्हती, मुलगा कोंबड्यांच्या झुंजीतून उठत नव्हता. उरली बहीण. त्यानं जेवता जेवता सांगितलं, की तू उभी राहा, नुसतं हसायचं आणि हात हलवायचा, बाकीचं मी बघतो.

पुरिंग हो म्हणाली. नाही म्हणायची तिला सवयच नव्हती, आणि मानोंगला तर नाहीच नाही. वडील गेल्यावर घर त्यानंच ओढलं होतं, आईचं आजारपण काढलं होतं. तो गेल्यावर तिनं ताट तसंच सरकवून ठेवलं आणि मला म्हणाली, "फेलिसिंग, नगराध्यक्ष दिवसभर काय करतो गं?"

मला तरी कुठे ठाऊक होतं?

आम्ही गावी येऊन राहिलो आणि प्रचार सुरू झाला. उघड्या जीपवर कर्णे बांधून आम्ही वाडीवाडीतून फिरायचो. गर्दी अशी लोटायची की मानोंग खूश. पण लोकांना भाषण नको असायचं. त्यांना सेराफिना हवी असायची. धट्टेकट्टे बाप्ये गाल पुढे करून म्हणायचे, मला एक द्या ना, बायकोला दाखवायचंय. ती अगदी हळू चापटी मारायची, लोक टाळ्या पिटायचे, आणि ती प्रत्येकाला खालच्या आवाजात विचारायची, लागलं नाही ना.

समोर उभा होता अँसेल्मो किरिमित, गुरांचा डॉक्टर. सभेत उभा राहिला की गटारं आणि पिण्याच्या पाण्याचे पाइप याशिवाय बोलायचा नाही. त्याच्या सभेला पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी नात्यातली. एका संध्याकाळी आमची जीप त्याच्या सभेपाशी अडकली, तेव्हा पुरिंगनं त्याचं सगळं भाषण ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "बरोबर बोलतोय तो. पाणी वाहतं त्याच्या उलट्या उतारावर गटार बांधलंय."

खरा घोर लागला तो पुढे. रोज सकाळी दाराशी माणसं यायची. कुणाच्या तळ्याचा बांध फुटलेला, कुणाच्या मुलाला नोकरी नाही. ती ऐकायची, डोळे पुसायची, आणि उत्तर मानोंग द्यायचा. मतदानाला आठवडा असताना त्यानं तिच्यापुढे एक कागद ठेवला. मासळीबाजार नदीवरून हलवून गावाबाहेर न्यायचा, आणि ती जागा त्याच्या एका मित्राला बर्फाच्या कारखान्यासाठी द्यायची. निवडून आल्यावर पहिली सही यावर, असं त्यानं सांगितलं.

तिनं कागद दोनदा वाचला. इसिंग आणि बाकीच्या बायका गावाबाहेर कुणाला मासे विकणार, असं तिनं विचारलं. मानोंग हसून म्हणाला, ते तू माझ्यावर सोड.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मी तिच्या मागच्या बाकावर गुडघे टेकून होते. ती पुटपुटत प्रार्थना करत होती आणि मला शब्द स्पष्ट ऐकू आले. हरू दे, म्हणत होती. कुणाचं वाईट न होता मला हरू दे.

मी घरी येताना तिला म्हटलं, तर मग सांगून टाक ना मानोंगला. ती म्हणाली, "सांगायला तोंड उघडते, आणि हो बाहेर पडतं."

त्या काळी मतपत्रिकेवर नावं छापलेली नसायची. मतदारानं उमेदवाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं. पुरिंगचं खरं नाव आणि पडद्यावरचं नाव, दोन्ही मानोंगनं रीतसर नोंदवून ठेवली होती. शाळेच्या वर्गात मोजणी सुरू झाली. मतदान घेणाऱ्या शाळेतल्याच बाई एकेक मतपत्रिका उघडून मोठ्यानं नाव वाचायच्या, दुसऱ्या बाई फळ्यावर रेघ ओढायच्या. किरिमित, व्हेर्गेल, किरिमित. आणि मग वाचणाऱ्या बाई थांबल्या. मतपत्रिका डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "सेराफिना."

वर्गात हशा पिकला. बाईंनी ती बाजूला ठेवली, नोंदवलेलं नाव नाही म्हणून बाद. थोड्या वेळानं पुन्हा सेराफिना. मग दोन्या सेराफिना. एकीवर तर नुसतं 'सुनेला छळणारी' लिहिलं होतं. मानोंगचा वकील उठून हरकती घ्यायला लागला, त्याचा घसा बसला, पण बाई काही हलल्या नाहीत. शेजारच्या वर्गांतही तेच चाललं होतं.

सकाळी निकाल लागला. किरिमित निवडून आला.

आम्ही न्याहारीला बसलो होतो. लसूण घातलेला भात, तळलेला मासा. मानोंग आला तो वकिलाला घेऊनच. रात्रभर जागून डोळे लाल झालेले. त्यानं टेबलावरची ताटं बाजूला केली आणि अर्ज पसरला. बाद झालेली मतं धरली तर आपण आरामात जिंकतो, कोर्टात टिकेल, असं वकिलाचं म्हणणं होतं. फक्त उमेदवाराची सही हवी.

पुरिंगनं हातातला घास खाली ठेवला. मला वाटलं, आता ती सही करणार, कारण तिनं हात पुसले. मग वाटलं, ती भुवई वर करणार आणि सेराफिनाच्या आवाजात काहीतरी फटकारणार. तिनं दोन्ही केलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात बोलायची त्याच बारीक आवाजात ती म्हणाली, "मानोंग, ती मतं मला पडलेली नाहीत. सेराफिनाला पडलीत."

"सेराफिना म्हणजे तूच ना?"

"नाही. ती बाई कुणालाच घाबरत नाही. मी तुम्हाला घाबरते. पण सही नाही करणार."

मानोंगनं आईची आठवण काढली, वडिलांची काढली, छापलेल्या फलकांचा खर्च काढला. मनिलाला जायची परवानगी कुणी दिली होती, तेही विचारलं. ती ऐकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चेहरा मात्र तसाच रागीट दिसत होता. शेवटी तो दमला. तिनं त्याला पाणी दिलं. तो न पिताच निघून गेला.

दार लागल्यावर ती खुर्चीत बसली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तिला ठसका लागला. मी घाबरून पाठ चोळली तर म्हणाली, "भात गरम कर गं, भूक लागलीय." महिनाभरात तिनं पहिल्यांदा दोन वेळा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. मला वाटत होतं, लोक कुचकट बोलतील. मानांग इसिंगनं तिला बघितलं आणि मासा साफ करता करता विचारलं, फार वाईट वाटलं का. पुरिंग म्हणाली, नाही.

"बरं झालं," इसिंग म्हणाली. "मी सेराफिना लिहिलं होतं. आमच्या ह्या मासळीच्या रांगेतल्या सगळ्यांनी."

"नाव चुकलं तुमचं, मानांग."

"चुकलं कशाला? मतदान घेणाऱ्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, नोंदवलेल्या नावाशिवाय दुसरं काही लिहिलंत तर मत बाद होईल. तुझ्याविरुद्ध मत द्यायला हात धजेना, आणि भावाच्या हाताखाली तू नगराध्यक्ष व्हावीस, हेही नको होतं. मग काय करणार?" तिनं मासा कागदात गुंडाळला. "रडू नकोस. रडलीस की अजूनच भयंकर दिसतेस."

पुरिंग खरंच रडत होती. आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या, मग तीही हसली. परत येताना कुणीतरी खारवलेल्या माशाची बाटली आमच्या पिशवीत टाकलेली सापडली. कुणी, ते कळलं नाही.

आठवड्यानं आम्ही बसनं मनिलाला परतलो. कामासाठी तिनं स्वतः निर्मात्यांना फोन केले, हे तिनं कधी केलं नव्हतं. दोघांनी टाळलं. तिसऱ्यानं एका मालिकेत आजीचं काम दिलं, लहानसं. आजी दुष्ट आहे का, तिनं विचारलं. नाही, फक्त चिडकी आहे, तो म्हणाला. तिला ते पटलं.

बाजार नदीकाठीच राहिला. किरिमितनं गटार उकरून पुन्हा बांधलं, त्यात दोन वर्षं गेली आणि गावानं त्याला भरपूर शिव्या घातल्या. असल्या शिव्या आपल्याला खायला लागल्या असत्या, या विचारानं पुरिंग छातीवर क्रूस काढायची.

मानोंग नाताळपर्यंत बोलला नाही. नाताळला आम्ही गावी गेलो तेव्हा संध्याकाळी तो आला, हातात डुकराच्या मांसाचा भलामोठा तुकडा. तो माझ्या हातात दिला, बहिणीकडे न बघता खुर्चीत बसला. टीव्हीवर तिचीच मालिका लागली होती. आजी नातवाला दामटून औषध पाजत होती.

"ह्यात मरते का ही?" त्यानं मला विचारलं.

उत्तर पुरिंगनं दिलं. "नाही, मानोंग. शेवटपर्यंत आहे."

"मग बरं आहे," तो म्हणाला, आणि खुर्ची टेबलाकडे ओढून त्यानं जेवायला काय आहे ते विचारलं.