अठ्ठेचाळीस सेकंदांची रेघ

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. वर्गातला नव्हे. पण तो जसा गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहून ठेवतो, तसेच काहीसे माझेही काम होते. फरक इतकाच की तो बाईंना हाक मारून सांगू शकतो. मला फक्त दाखवता येते. बघायचे की नाही, हे माणसांच्या हातात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या कामगारांनी माझी काच बसवली, माझ्यावर सगळे रंग उमटवून पाहिले आणि पाठीवर पास झाल्याची चिठ्ठी डकवली. खोक्यात बसल्याबसल्या मी स्वप्ने रंगवत होतो. कोणाच्या तरी घरी जाईन, मुले माझ्यासमोर लोळत सिनेमे बघतील. माझ्या नशिबात मात्र तीन रेघा होत्या.

मला आणले ते रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात. शहरात कुठेही कोणी अडचणीत सापडले, की फोन याच खोलीत वाजायचा. आठ टेबले, आठ फोन, आणि फोन घेणाऱ्या आठ बायका. पलीकडचा माणूस पत्ता सांगे, बाई तो टाइप करी, आणि संगणक क्षणात सांगे, कोणती गाडी सर्वांत जवळ उभी आहे. हे सांगणारा प्रोग्राम जावा नावाच्या भाषेत लिहिलेला होता. तो तळघरातल्या मोठ्या संगणकावर अखंड चाले, आणि त्याची तब्येत माझ्या काचेवर दिसे.

मला भिंतीवर लावले मास्तरांनी. ते काही शाळेत शिकवत नव्हते. तिथले सर्वांत जुने इंजिनिअर होते, पण साधी गोष्ट समजावतानाही खडू हातात घ्यायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी माझ्यावर एक हिरवी रेघ ठेवली, ती प्रोग्रामची मेमरी किती भरली ते सांगे. पिवळी रेघ किती कामे ताटकळत उभी आहेत ते दाखवी. आणि लाल रेघ दाखवी, सर्वांत जास्त अडकलेल्या कामाला किती वेळ लागला.

"नव्व्याण्णव फोन झटपट लागले, त्याचं कौतुक नको," ते म्हणत. "जो एक अडकला, तो मला दाखव."

हिरव्या रेघेचे त्यांना भारी वेड. प्रोग्राम काम करता करता मेमरीत पसारा घालतो. पसारा वाढला, की जावाच्या पोटातलाच एक सफाईवाला येतो आणि नको ते उचलून नेतो. पण साफ करण्यासारखे फार साठले, तर तो सगळ्यांना आहे तिथे थांबवतो, आणि तेवढा वेळ कोणाचेच काम पुढे सरकत नाही. म्हणून ती रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसे, चढे आणि पडे, पुन्हा चढे.

"वर किती गेली ते बघू नका," मास्तर सांगत. "साफसफाई झाल्यावर खाली कुठवर येते ते बघा. दर वेळी थोडी वरच राहायला लागली, तर समजायचं, कोणीतरी काहीतरी धरून बसलंय आणि सोडत नाहीये."

एका सकाळी सगळ्या टेबलांवर कामे रखडली आणि माझी पिवळी रेघ सरळ वर गेली. मास्तरांनी पाच-पाच सेकंदांच्या अंतराने तीनदा प्रोग्रामच्या आत डोकावून पाहिले, कोण कुठे थांबले आहे म्हणून. तिन्ही वेळा चाळीस कामे एकाच दारापाशी खोळंबलेली, आणि अहवाल छापणारे एक सुस्त काम दाराची किल्ली अडकवून आत बसलेले! दुपारच्या जेवणाआधी दुरुस्ती झाली. तिसऱ्या टेबलावरच्या बाई, ज्यांना सगळे वहिनी म्हणत, उठल्या आणि स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसून म्हणाल्या, "गुणी आहे हो तुमचा मॉनिटर!" तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस.

मग मास्तर निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या ताई त्यांच्या जागी आल्या. ताई हुशार होत्या, कामसू होत्या. पण मास्तर जिथे एक काम करत, तिथे ताईंवर चार कामे येऊन पडली.

माझ्या शेजारी एक भोंगा होता. रेघ मर्यादेबाहेर गेली की तो वाजे. त्याची मर्यादा कोणीतरी फारच खाली आणून ठेवली, आणि तो उठल्यासुटल्या केकाटू लागला. एकदा वहिनींनी फोनवर हात ठेवून ओरडून सांगितले, "अहो, त्याचं तोंड बंद करा आधी! इथे पलीकडे माणूस रडतोय!" त्यांचे काय चुकले? भोंग्याची वायर काढली गेली. मर्यादा नीट लावायचे मात्र राहून गेले.

त्याच सुमारास नवे साहेब आले. पाहुण्यांना कक्ष दाखवायला त्यांना फार आवडे. "हे लाल-लाल काय लावलंय? माणूस घाबरतो बघून," ते म्हणाले. "सरासरी दाखवा. आणि हा खोका इथे शोभत नाही." मग लाल रेघ गेली, तिच्या जागी सरासरीचा एक गुबगुबीत आकडा आला, आणि मी जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी टांगला गेलो. लोक पाणी पीत आणि माझ्याकडे न बघता परत जात.

ताईंनी तेव्हा एक सुधारणा केली. एकदा शोधलेला पत्ता मेमरीत जपून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी शोधावाच लागणार नाही. कल्पना छान होती, सगळ्यांनी वाहवा केली. जुने पत्ते टाकून देण्याचा भाग त्या नंतर लिहिणार होत्या. पण नंतर दुसरे काम आले, त्यानंतर तिसरे.

माझी हिरवी रेघ पडताना थोडी वरच थांबू लागली. आज केसभर, उद्या दोन केस. आठवड्याच्या शेवटी प्रोग्राम धापा टाकू लागे. मग कोणीतरी म्हणे, "बंद करून चालू करा." चालू केले, की मेमरी रिकामी आणि रेघ पुन्हा तळाला. सगळे हुश्श करत. आधी हे दर सोमवारी होई, मग सोमवारी आणि गुरुवारी, मग दिवसाआड. दुखणे तेच राहिले, आम्ही फक्त रोग्याला पुन्हा पुन्हा झोपेतून उठवत होतो.

वहिनींनी दोनदा तक्रार केली. "साहेब, अधूनमधून सगळं गोठतं. दहा-दहा सेकंद काही हलत नाही."

"सरासरी अर्धा सेकंद आहे, वहिनी," साहेब म्हणाले. "तुमचा माउस बघून घ्या एकदा."

ताई पाणी प्यायला आल्या तेव्हा त्यांनीही माझ्यावरचा आकडा पाहिला. अर्धा सेकंद. त्या मान हलवून गेल्या. मित्रांनो, तो आकडा खोटा नव्हता. पण खरे काय होते, ते त्यात दिसत नव्हते. त्याच्याच शेजारी हिरवी रेघ छतापासून बोटभर खाली उभी होती, आणि मला तोंड नव्हते.

बुधवारी दुपारी सव्वाचारला वहिनींनी एक फोन घेतला. एका माणसाच्या बहिणीला श्वास घेता येत नव्हता. वहिनींनी पत्ता टाइप केला, आणि सगळे थांबले. सफाईवाला सगळी मेमरी उपसत होता आणि टाकून देण्यासारखे त्याला काहीच सापडत नव्हते.

"गाडी निघाली ना?" फोनवरचा माणूस विचारत होता.

"निघतेय दादा, तुम्ही फोन ठेवू नका. तिला बसतं करा, आडवं करू नका."

अठ्ठेचाळीस सेकंद गेले. मग चार सेकंद चालले आणि पुन्हा सगळे गोठले. वहिनींनी पत्ता कागदावर लिहिला, वायरलेसवर हाका मारल्या, आणि आठवणीच्या भरवशावर पुलापलीकडची एक गाडी पाठवली. संगणकाचा पडदा नीट हलला तेव्हा नऊ मिनिटे झाली होती, आणि त्यावर दिसत होते की एक रिकामी गाडी त्या घरापासून दोन गल्ल्यांवर उभी आहे. पुलापलीकडून निघालेली गाडी पोचली, तोवर भावाने बहिणीला खुर्चीत बसवून जिन्यावरून अर्ध्यापर्यंत खाली आणले होते. पुढे नेण्यासारखे काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या जवळच्या गाडीचा ड्रायव्हर कक्षात आला आणि टोपी हातात धरून तिसऱ्या टेबलापाशी उभा राहिला.

"वहिनी, मी तिथंच होतो हो," तो म्हणाला. "गाडीबाहेर उभा होतो, काच पुसत. तुमची हाक ऐकूच आली नाही मला."

वहिनींनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो त्यांनी पुन्हा कधीच घातला नाही.

ताईंनी प्रोग्रामच्या मेमरीचा संपूर्ण ठसा, म्हणजे आत काय काय साठले आहे त्याची प्रत, काढून उघडला. एकाच कप्प्यात जुन्या पत्त्यांचा ढीग होता, एकही टाकून न दिलेला. मग त्या पॅसेजमध्ये आल्या आणि माझ्यावर मागच्या चार महिन्यांची नोंद उघडली. प्रत्येक बंद-चालूनंतर हिरवी रेघ तळाला येऊन पुन्हा एकेक पायरी चढत गेलेली होती, दर वेळी आधीपेक्षा लवकर, कोणालाही दिसेल अशी. ताई टाकीला टेकून फरशीवरच बसल्या. कोणीतरी पाणी प्यायला आले आणि न पिताच परत गेले.

साहेबांनी त्यांना बाजूला घेतले. "अहवालात नेटवर्क संथ होतं असं लिहा. विषय संपेल."

"नेटवर्क चोख होतं, साहेब. हे मी लिहिलेलं आहे. आणि मीच बघितलं नाही."

"तुमच्या अशा खरेपणानं ती परत येणार आहे का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी कोणी नेटवर्क दुरुस्त करत बसायला नको."

त्यांनी खरे तेच लिहिले. जुने पत्ते टाकून देणारा भागही लिहिला, उणापुरा वीस ओळींचा. लाल रेघ मागच्या नोंदींसकट परत आली, भोंग्याची मर्यादा विचार करून लावली गेली, मला पुन्हा कक्षात नेले. ताईंची मात्र दुसऱ्या इमारतीत, कागदपत्रांच्या विभागात बदली झाली.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्या बहिणीचा भाऊ आला. साहेबांनी त्याला भेटू नका म्हणून सांगितले होते. ताई भेटल्या.

"नेमका किती वेळ?" त्याने विचारले.

"अठ्ठेचाळीस सेकंद. मग पुन्हा, आणि पुन्हा."

"दिसतं का ते कुठे?"

ताईंनी माझ्यावर ती बुधवारची दुपार आणली. त्याने लाल रेघेवर बोट ठेवले. मग हिरव्या रेघेवरून ते हळूहळू मागे नेले, चार महिने मागे, जिथून ती पहिल्यांदा चढू लागली होती तिथवर.

"तेव्हा ती माझ्या मुलीला सायकल शिकवत होती," तो म्हणाला. "तेव्हापासून दिसत होतं हे?"

"दिसत होतं. आम्ही बघत नव्हतो."

तो रागावला असता तर बरे झाले असते. त्याने काचेवरचे बोट काढले, आणि कोणाचाही निरोप न घेता तो जिना उतरून गेला.

आता माझ्या काचेवर काळा डाग पसरतो आहे. दिवस थोडे उरले आहेत, म्हणून एवढेच सांगतो. मित्रांनो, कुरकुरणाऱ्या यंत्राला फक्त बंद करून चालू करू नका. सूचना देणारा त्रासदायक वाटला, तर त्याला गप्प बसवण्याआधी तो काय म्हणतो ते नीट ऐका. आणि सरासरी चांगली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिच्यात एक माणूस सहज हरवतो. तुमच्या घरी कोणी बारीक आवाजात म्हणाले, "हल्ली जरा थकायला होतं," तर "होईल बरं" म्हणून पुढे जाऊ नका. शेजारी बसा, आणि कधीपासून, ते विचारा.