समोरच्या घरातल्या नर्सबाई

दोघा भावांनी भाड्यानं द्यायला म्हणून एकाच मजल्यावर समोरासमोर दोन घरं घेतली, पण कारभार बघायचा बायकांनी. धाकटीकडे एक नर्सबाई राहायला आल्या त्या आल्याच. थोरलीचा भाडेकरू मात्र वर्ष सरलं की सामान बांधायचा. मग भिंती खरवडा, भेगांत लांबी भरा, दोन हात रंग द्या आणि पुन्हा नवं गिऱ्हाईक शोधा.

यंदाही काम निघालं होतं. थोरली रंगाऱ्यावर लक्ष ठेवायला आली, तेव्हा नर्सबाईंचं दार उघडं होतं. आत फिकट पिवळ्या भिंती, ओलीचा डाग नाही की पोपडा नाही.

घरी नवरा म्हणाला, "धाकटीचं बरं आहे. तिला रंगाचा खर्चच येत नाही."

"हो, तिचं सगळंच बरं असतं," थोरली म्हणाली आणि ताट जरा जोरातच ठेवलं.

आजवर तिनं धाकटीच्या साड्या सोसल्या, सासूबाईंनी केलेलं कौतुक सोसलं. ही बिनखर्चाची भिंत काही सोसवेना. दुसऱ्या दिवशी जिन्यात नर्सबाई भेटल्या, तेव्हा तिनं हळूच विषय काढला. "आमचं घर बघा ना एकदा. नवा रंग आहे, भाडंही कमी लावीन. मात्र आमच्या धाकटीला कळू देऊ नका."

नर्सबाई आल्या. त्यांनी खोल्या बघितल्या आणि न्हाणीघराच्या भिंतीवर तळहात टेकवला. हात तसाच राहिला.

"रंगाच्या आत ओल आहे हो. पाइप बदललाय का?"

"रंगारी म्हणाला, या रंगानं ओल दबेल."

"आणि नळ गळला तर सांगायचं कुणाला?"

"एवढं तेवढं भाडेकरूनंच बघायचं असतं ना," थोरली म्हणाली.

नर्सबाईंनी हात पुसला. "समोर मी फोन केला की तुमच्या जाऊबाई प्लंबरला घेऊन स्वतः येतात. दरवर्षी काही ना काही दुरुस्त करतात. मी तिथंच बरी आहे." आणि त्या समोरच्या दारातून आत गेल्या.

पुढचे दिवस थोरलीनं धास्तीत काढले. फोन वाजला की तिला वाटे, धाकटीचाच. शेवटी धाकटी स्वतःच आली, चहा नको म्हणाली आणि उभ्याउभ्याच बोलली.

"ताई, नर्सबाईंनी सांगितलं मला. एकच विचारते. तुम्हाला भाडेकरू हवा होता, की माझा भाडेकरू हवा होता?"

थोरलीच्या ओठांवर बहाणे तयार होते. नर्सबाईंनीच आधी विचारलं, असं सहज सांगता आलं असतं. पण ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तुझा."

धाकटीही मग समोर टेकली. "मी तुमच्याशी भांडायच्या तयारीनं आले होते," ती म्हणाली. "आता काय बोलू?"

ती गेली, आणि नंतर कितीतरी दिवस दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं राहिलं. सासूबाईंनी दोघींना एकेकटीला विचारलं. दोघीही म्हणाल्या, काही नाही.

थोरलीनं न्हाणीघराची भिंत फोडायला लावली. आतला पाइप पार गंजला होता. एवढा खर्च एकदम बघून नवऱ्याचा चेहरा उतरला. "एवढ्या पैशांत चार वेळा रंग झाला असता," तो म्हणाला.

"झालाच की आपला," थोरली म्हणाली.

भिंत पूर्ण वाळेपर्यंत तिनं घर रिकामं ठेवलं, मगच रंग दिला. एक तरुण जोडपं राहायला आलं. स्वयंपाकघराची खिडकी लागत नाही, असा फोन आला, तेव्हा थोरली सुताराला घेऊन स्वतः गेली. वर्ष सरलं आणि जोडप्यानं करार वाढवून मागितला. त्या दिवशी धाकटीचा फोन आला. "ऐकलं मी. चांगलं झालं, ताई." आवाजात अढी नव्हती, फार माया होती असंही नाही.

थोरलीला बरं वाटलं. खिडकीच्या बिजागरीला तेल घालायला म्हणून ती मुद्दाम तिकडे गेली. काम झालं, चहा झाला, आणि निघताना तिनं दारातूनच तरुणीला विचारलं, "समोर कसलीशी ठोकाठोक चाललीये. फरशी बदलतायत की काय?"

"हो, छान आहे नवी फरशी," ती पोरगी म्हणाली.

थोरली हसली. जिना उतरताना मात्र तिचा चेहरा उतरला होता. घरी गेल्या गेल्या तिनं नवऱ्याला विचारलं, "आपली फरशी जुनाट दिसते का हो?"