माझ्या काठावरचा ओरखडा

मित्रांनो, मला जुना म्हणा, गंजका म्हणा, मी रागावणार नाही. मी बंदुकीच्या गोळ्या ओतायचा लोखंडी साचा आहे. मला चिमट्यासारखे दोन दांडे आहेत आणि तोंडाशी दोन ठोकळे. प्रत्येक ठोकळ्यात अर्ध्या गोळीएवढी वाटी कोरलेली आहे. ठोकळे मिटले की आत गोल पोकळी तयार होते. वरच्या भोकातून तिच्यात वितळलेले शिसे ओततात, क्षणभर थांबतात आणि ठोकळे उघडतात. मग गोळी आपणहून खाली पडली पाहिजे. साच्याची सगळी अब्रू त्या पडण्यात असते.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, लिक फोर्क नावाच्या ओढ्याकाठी एका लोहाराने मला घडवले. म्हाताऱ्या एसा स्टॅम्परने आपल्या दोन मुलांसाठी एकाच मापाच्या दोन बंदुका करवून घेतल्या होत्या, पण साचा मात्र दोघांत एकच. "साचा एक असला म्हणजे भाऊ एकमेकांच्या दारात येत राहतील," असे तो म्हणे. थोरला व्हर्जिल आणि धाकटा हॉबर्ट. मी थोरल्याकडे राहिलो, आणि धाकट्याच्या गोळ्याही तोच ओतून देई.

व्हर्जिलसारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. शिशाचा धूर वाईट, म्हणून तो घराबाहेर उघड्या छपरीत बसे. पोरे जवळ आली तर ओरडून हाकलून लावी. पाण्याचा थेंबही आसपास नको असे, कारण वितळलेल्या शिशात थेंब गेला तर ते उसळून तोंडावर येते. आधी तो मला कढईच्या काठावर ठेवून चांगला तापवी. मग पाइनच्या राळभरल्या लाकडाची ढलपी पेटवून तिची पातळ काजळी माझ्या दोन्ही वाट्यांना धरी. काजळी असली की गोळी लोखंडाला धरून बसत नाही. दहाबारा गोळ्या झाल्या की पुन्हा काजळी. त्यात त्याने कधी आळस केला नाही. एखादी गोळी अडलीच तर माझ्या बिजागरीवर लाकडी दांडक्याची एक टिचकी. ठोकळ्यांवर त्याने कधी घाव घातला नाही, आणि वाट्यांना लोखंड तर कधी लावलेच नाही. गोळी टपकन खालच्या घडी केलेल्या गोधडीवर पडे.

"ऑमा, घातलं बघ अंडं!" तो बायकोला हाक मारी.

"मग आज त्याचंच आम्लेट खा. माझ्या बीन्स वाचतील," ऑमा घरातून ओरडे.

ते माझे सुखाचे दिवस होते.

दर वर्षी थंडीच्या तोंडावर ओढ्याकाठची माणसे मिळून एक गोऱ्हा कापत आणि त्याच्या मांसाच्या वाट्यांसाठी नेमबाजी करत. ज्याचा नेम पहिला त्याला मागची मांडी, पुढच्यांना बाकीचे वाटे. शेवटचे बक्षीस म्हणजे निशाणामागच्या ओंडक्यात रुतलेले शिसे. ते ज्याला मिळे त्याने स्वतःच उकरून न्यायचे. चौदा वर्षांत अकरा वेळा मांडी व्हर्जिलच्या घरी आली. हॉबर्टला एकदाही मिळाली नाही.

"नेम तुझा नाही रे, साच्याचा आहे," हॉबर्ट चिडवी.

"मग ने की साचा. मी कधी नाही म्हटलंय?" व्हर्जिल हसून म्हणे.

आणि पंधराव्या वर्षी, नेमबाजीच्या आदल्या आठवड्यात, हॉबर्टने मला पहिल्यांदा आपल्या घरी नेले.

त्याने पहिल्या बारा गोळ्या छान ओतल्या. तेरावीच्या आधी काजळी धरायची होती. ढलपी विझली होती आणि तो घाईत होता. "एकीने काय होतंय," असे पुटपुटत त्याने शिसे ओतले. गोळी चिकटली. बिजागरीवर टिचक्या देऊन पाहायचे, तर त्याने खिशातला चाकू काढला आणि टोक खुपसून गोळी उपटली. मित्रांनो, माझ्या वाटीच्या काठावर ओरखडा पडला तो तेव्हा. मग त्याने पॉलिश पेपर घेऊन तो ओरखडा घासला, घासला, दिसेनासा होईपर्यंत घासला. त्यामुळे माझी वाटी एका अंगाला केसभर वाढली. मला तेलाच्या फडक्याने पुसून, चकचकीत करून त्याने परत नेऊन दिले.

"जमलं का?" व्हर्जिलने विचारले.

"झकास," हॉबर्ट म्हणाला आणि जेवायलाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी व्हर्जिल गोळ्या ओतायला बसला. गोळ्या सुटेनात. एक टिचकी, दोन, पाच, सहा. त्याने काजळी पुसून पुन्हा धरली. मला कमी तापवून पाहिले, जास्त तापवून पाहिले. गोळ्या कशाबशा निघाल्या, पण एका अंगाला केसभर फुगलेल्या. एवढे साध्या डोळ्यांना दिसत नाही. मला तोंड असते तर मी किंचाळून सांगितले असते.

त्या वर्षी हॉबर्ट पहिला आला, आधी ओतलेल्या बारा गोळ्यांच्या जोरावर. व्हर्जिलची प्रत्येक गोळी डावीकडे भरकटली. त्याच्या वाट्याला ओंडक्यातले शिसे आले.

"व्हर्जिल, चावायला दात आहेत ना?" कुणीतरी ओरडले. सगळ्यांबरोबर तोही हसला.

घरी आल्यावर ऑमाने मक्याची भाकरी पुढे ठेवली. त्याने ती मोडलीसुद्धा नाही.

"एकदा साचा तरी नीट बघ," ती म्हणाली. "गोळ्या चिकटतायत म्हणत होतास ना?"

"साच्याला काय धाड भरलीय? माझाच हात गेला. आणि डोळे गेले, ऑमा."

महिन्याभराने त्याने हॉबर्टला बोलावले आणि आपली बंदूक व मला त्याच्या हातात ठेवले. "घे. तुझे डोळे शाबूत आहेत. माझं आता संपलं."

"व्हर्जिल, अरे, ऐक..."

"आता अरे नाही आणि बिरे नाही. घेऊन जा."

हॉबर्ट घेऊन गेला. त्याने मला गोठ्यातल्या खिळ्याला अडकवले आणि पुन्हा कधी हात लावला नाही. मी तिथे गंजत राहिलो. व्हर्जिलने लाकडे फोडणे सोडल्याचे, रविवारी बायबल वाचणे सोडल्याचे मी हॉबर्टच्या घरच्यांच्या बोलण्यातून ऐकले. तिसऱ्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला आणि तो गेला.

बर्फ वितळल्यावर हॉबर्टने मला खिळ्यावरून काढले आणि ऑमाच्या दारात नेले. त्याने टोपी काढली आणि सगळे सांगितले. चाकू, पॉलिश पेपर, बारा गोळ्या, काही लपवले नाही. ऑमाने मला उघडले आणि माझ्या काठावरून बोट फिरवले. लोणी घुसळून-घुसळून निबर झालेले ते बोट एका जागी थांबले.

"म्हणजे त्याचे डोळे चांगले होते?"

"माझ्यापेक्षा चांगले होते."

ती पायरीवर बसली. "दोन वर्षं मी त्याला हाताला धरून या पायऱ्या उतरवत होते, हॉबर्ट. आणि तो मुकाट्याने उतरत होता."

हॉबर्ट रडू लागला. तिने त्याला गप्प केले नाही, शिव्याही दिल्या नाहीत. घरामागच्या टेकडीवरच्या थडग्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो तिथे आहे. जा, त्याला सांग. मी येत नाही."

हॉबर्ट एकटा टेकडी चढून गेला.

मित्रांनो, साच्याला काजळी धरा, कोरडा ठेवा, चिकटलेल्या गोळीला चाकू लावू नका, हे तर मी सांगणारच. पण साचा काय, लोहाराने महिन्याभरात दुसरा करून दिला असता. मला भंगारात टाकले असते तरी माझी तक्रार नव्हती. हॉबर्टने त्याच दिवशी सांगितले असते तर व्हर्जिल फार तर दिवसभर ओरडला असता आणि संध्याकाळी दोघे एका ताटाशी बसले असते. तुमच्या हातून कुणाची वस्तू बिघडली, तर घासून-पुसून गुपचूप परत ठेवू नका. ज्याची आहे त्याला सांगा. तो ऐकायला आहे तोवर सांगा.